काठाचं मोजमाप

केंद्रकीय संमीलनावरचा कोणताही लेख उघडा, १५ कोटी अंश सेल्सिअस हा आकडा पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात भेटतोच. सूर्याच्या गाभ्याच्या दहापट तापमान! आकडा खराच आहे आणि तो वाचून डोळे विस्फारले तर नवल नाही. पण दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘ईटर’ या यंत्राच्या रचनाकारांच्या जिवाला घोर लावला तो दुसऱ्याच एका आकड्यानं. एक मिलिमीटर.

हा मिलिमीटर आला कुठून, तो मोजला कसा आणि मोजणाऱ्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

उष्णता जाते कुठे?

ईटरसारख्या टोकामॅक यंत्राच्या वलयाकार पोकळीत प्लाझ्माला, म्हणजे विद्युतभारित कणांच्या तप्त वायूला, चुंबकीय क्षेत्रानं बांधून ठेवलेलं असतं. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेला धरून गिरक्या घेत सुसाट पळतात. रेषा ओलांडून आडवं सरकणं मात्र त्यांना जड जातं. आतल्या भागातल्या रेषा वलयाभोवती फिरत राहतात, भिंतीला कधीच टेकत नाहीत. एका ठरावीक सीमेपलीकडे गेलं की रेषा उघड्या होतात. त्या खाली वळतात आणि यंत्राच्या तळाशी असलेल्या ‘डायव्हर्टर’ नावाच्या भागातल्या फरशांवर जाऊन टेकतात. बंद आणि उघड्या रेषांमधल्या या सीमेचं नाव सेपरेट्रिक्स. तिच्याबाहेरचा जो पातळ थर, तो ‘स्क्रेप-ऑफ लेयर’. आपण त्याला बाहेरचा थर म्हणू.

आता ईटरचा हिशेब मांडू. ५०० मेगावॅट संमीलनशक्तीपैकी चार पंचमांश वाटा न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांच्यावर विद्युतभार नसल्यानं ते चुंबकाला जुमानत नाहीत आणि थेट भिंतीत शिरतात. उरलेले १०० मेगावॅट हेलियमच्या केंद्रकांकडे राहतात. त्यात प्लाझ्मा तापवण्यासाठी बाहेरून दिलेले ५० मिळवा. यातला काही भाग प्रकाशाच्या रूपानं निघून जातो, तरी सुमारे १०० मेगावॅट सेपरेट्रिक्स ओलांडून बाहेरच्या थरात उतरतात. तिथून डायव्हर्टर गाठायला कणांना मिलिसेकंदांचा वेळ पुरतो आणि तेवढ्या अवधीत त्यांना आडवं फारसं पसरता येत नाही. म्हणून हा थर पातळ असतो.

किती पातळ? यंत्राच्या बाहेरच्या अंगाला, मधल्या पातळीवर मोजलं तर दर मिलिमीटरला उष्णतेचा प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशावर येईल, असं भाकीत आहे. त्या ठिकाणी वलयाचा घेर ५० मीटरच्या आसपास भरतो. ५० मीटर गुणिले १ मिलिमीटर म्हणजे जेमतेम अर्धा चौरस फूट. एवढ्याशा फटीतून १०० मेगावॅट जाणार.

तळाशी पोचेपर्यंत रेषा एकमेकींपासून दूर होतात. फरशाही तिरक्या बसवलेल्या असतात, त्यामुळे भार विभागला जातो. तरीसुद्धा ईटरच्या टंगस्टनच्या फरशांना सतत सोसवेल असा भार आहे दर चौरस मीटरला १० मेगावॅटच्या घरात आणि थोडा वेळ सोसवेल असा त्याच्या दुप्पट. सूर्याच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला ६३ मेगावॅट बाहेर पडतात. यावरून १० मेगावॅट म्हणजे काय याची कल्पना यावी. बाहेरचा थर एक मिलिमीटरचा की पाच मिलिमीटरचा, यावर त्या फरशांचं आयुष्य अवलंबून आहे.

तेव्हा काठावर काय चाललं आहे हे मोजल्यावाचून गत्यंतर नाही. घोडं इथंच अडतं. थर मिलिमीटरचा, त्यातलं तापमान लाखो अंशांचं, वायू हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ, आणि सगळं काही सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात बदलणारं. असं तापमान मोजणारा तापमापक जगात नाही. जी उपकरणं आहेत ती प्रत्यक्षात दुसरंच काहीतरी मोजतात. कुणी विद्युतप्रवाह मोजतं, कुणी प्रकाश, कुणी फरशीची उष्णता. तापमान हा त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. प्रत्येक निष्कर्षामागे काही गृहीतकं दडलेली असतात आणि काठाच्या मोजमापाची सगळी कसोटी ही गृहीतकं ओळखण्यात आहे.

लँगम्यूरची तार

सर्वांत जुनं आणि आजही सर्वांत जास्त वापरलं जाणारं उपकरण दिसायला अगदी साधं आहे. प्लाझ्मामध्ये धातूचं किंवा ग्रॅफाइटचं एक टोक खुपसायचं, त्याला व्होल्टेज द्यायचं आणि त्यातून किती विद्युतप्रवाह वाहतो ते पाहायचं. अमेरिकेतल्या स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी विजेच्या दिव्यांमधल्या आणि नळ्यांमधल्या वायूंवर काम करताना ही पद्धत घडवली. हॅरोल्ड मॉट-स्मिथ यांच्यासह त्यांनी तिचा सिद्धान्त १९२६ मध्ये मांडला. ‘प्लाझ्मा’ हे नावही लँगम्यूर यांनीच १९२८ मध्ये दिलं. १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र वेगळ्याच कामासाठी, पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी.

या टोकाला प्रोब म्हणतात. त्यावरून तापमान कसं निघतं ते एका उदाहरणानं पाहू. प्रोबला बरंच ऋण व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन मागे ढकलले जातात आणि फक्त धन आयन गोळा होतात. व्होल्टेज हळूहळू वर आणलं की ज्या इलेक्ट्रॉनांत पुरेसा जोर आहे ते चढ चढून प्रोबपर्यंत पोचू लागतात. प्लाझ्मा जितका गरम, तितके असे जोरदार इलेक्ट्रॉन अधिक. आयनांचा वाटा वजा केल्यावर समजा −४० व्होल्टला १० मिलिअँपिअर प्रवाह मिळाला आणि −२० व्होल्टला २७. प्रवाह २.७ पट व्हायला २० व्होल्ट लागले. म्हणून इलेक्ट्रॉनांचं तापमान २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्लाझ्माच्या अभ्यासात तापमान याच एककात सांगायची रीत आहे. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० अंश, तेव्हा हे झालं २ लाख ३२ हजार अंश. हीच पट ४० व्होल्टमध्ये झाली असती तर तापमान दुप्पट निघालं असतं. व्होल्टेज खालून वर आणि वरून खाली सतत फिरवत राहायचं, आलेख काढायचा आणि त्याच्या चढावरून तापमान वाचायचं.

घनता काढताना पहिलं गृहीतक चोरपावलांनी येतं. प्रोबच्या पृष्ठभागालगत विद्युतक्षेत्राचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. काठावरच्या प्लाझ्मात त्याची जाडी मिलिमीटरच्या शतांशाच्या आसपास असते. या पापुद्र्यात शिरताना आयनांचा वेग प्लाझ्मातल्या ध्वनीच्या वेगाइतका तरी असावा लागतो, असं डेव्हिड बोम यांनी १९४९ मध्ये दाखवलं. आयनांचा प्रवाह माहीत आहे, वेग माहीत आहे, मग भागाकार करून घनता निघते. पण ध्वनीचा वेग आयनांच्या तापमानावरही अवलंबून असतो आणि प्रोब ते सांगत नाही. बहुतेक वेळा आयन आणि इलेक्ट्रॉन सारखेच गरम आहेत असं धरून चालतात. बाहेरच्या थरात आयन बहुधा इलेक्ट्रॉनांहून गरम असतात, कधी दुप्पटही. तो फरक घनतेच्या आकड्यात मुकाट्यानं उतरतो.

डायव्हर्टरच्या फरशांमध्ये असे प्रोब ओळीनं कायमचे बसवता येतात. यंत्राच्या मधल्या पातळीवर मात्र प्रोब आत ठेवून चालत नाही; तो वितळेल आणि प्लाझ्माही मळवेल. तिथं तो दांड्याच्या टोकावर बसवतात, हवेच्या दाबानं वेगात आत ढकलतात आणि लगेच मागे ओढतात. सगळी खेप सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आटोपते. आत जाताना आणि बाहेर येताना असे दोन आलेख मिळतात. ते दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले नाहीत, म्हणजे परतीच्या वाटेवर प्रवाह भलताच वाढलेला दिसला, तर टोक लालबुंद होऊन स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागलं आहे असं समजायचं. अशा आलेखाला तापमान विचारण्यात अर्थ नसतो, तो बाजूला ठेवतात.

प्रोबची आणखी एक खोड डायव्हर्टरजवळ उघडी पडते. तिथला प्लाझ्मा थंड, एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो तेव्हा प्रोब अनेकदा तापमान वाढवून सांगतो. एक कारण त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे. तो सगळ्या इलेक्ट्रॉनांची सरासरी घेत नाही. त्याच्यापर्यंत पोचतात ते सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन. वरच्या गरम भागातून धक्के न खाता खाली आलेले थोडेसे वेगवान इलेक्ट्रॉन आलेखाचा चढ बिघडवायला पुरतात.

काठ शांत नसतो

वरच्या उदाहरणात आपण एक गोष्ट न बोलता मान्य केली. व्होल्टेज खालून वर न्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ प्लाझ्मा स्थिर आहे, असं धरलं. काठावरचा प्लाझ्मा असा स्थिर नसतो.

या बाबतीत एक महत्त्वाचं पाऊल गुजरातमध्ये पडलं. गांधीनगरजवळच्या भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथं १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा टोकामॅक सुरू झाला. वलयाची त्रिज्या ७५ सेंटिमीटर आणि प्लाझ्माची २५, म्हणजे यंत्र तसं लहानच. पण लहान यंत्राचा एक फायदा असतो. त्याच्या काठावर प्रोब बराच वेळ टिकतो. संस्थेचे संस्थापक-संचालक प्रेधिमन काव, आर. झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदित्यच्या काठावरच्या चढउतारांची नोंद घेऊन १९९२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. चढउतार निव्वळ यादृच्छिक असते तर मोठे झटके अत्यंत विरळ दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ते मधूनमधून, झुंडीनं येत होते. काठावरची खळबळ एकसारखी नाही, ती खंडित आहे, असा त्याचा अर्थ.

या झटक्यांचं चित्र पुढे डोळ्यांना दिसू लागलं. अमेरिकेतल्या अल्काटॉर सी-मॉड आणि एनएसटीएक्स या यंत्रांवर संशोधकांनी काठाजवळ हेलियम किंवा ड्युटेरियमचा छोटासा फवारा सोडला. प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांचे धक्के बसून तो वायू उजळतो. हा उजेड सेकंदाला लाखो चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी टिपला. पडद्यावर दिसलं ते असं: सेंटिमीटरभर आकाराचे घनदाट पुंजके सेपरेट्रिक्सजवळ सुटतात आणि सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगानं भिंतीकडे निघतात. चुंबकीय रेषेच्या दिशेनं पाहिलं तर ते लांबच लांब तंतू असतात. कॅमेऱ्याला त्यांचा आडवा छेद दिसतो. असा एक पुंजका प्रोबवरून जायला जेमतेम १०-२० मायक्रोसेकंद घेतो. व्होल्टेजची एक फेरी मिलिसेकंदाची असेल तर तेवढ्यात कित्येक पुंजके आणि त्यांच्यामधली पोकळी असं सगळं येऊन जातं. आलेख निघतो तो या सगळ्याची खिचडी असलेला. त्यावरून काढलेलं सरासरी तापमान खऱ्या सरासरीशी जुळेलच याची हमी नसते, कारण प्रवाहाचं तापमानाशी असलेलं नातं सरळ रेषेचं नाही.

एमआयटीतले ब्रायन लाबोम्बार्ड यांनी सी-मॉडसाठी यावर तोड काढली. त्यांच्या प्रोबला संपूर्ण आलेख लागत नाही. एक मंडल व्होल्टेजच्या तीनच पातळ्यांवर उड्या मारतं आणि सुमारे एका मायक्रोसेकंदात तिन्ही उरकतं. सोबतचं दुसरं मंडल प्रोबची विद्युतीय नक्कल तयार करत राहतं आणि तापमान बदलेल तशा त्या तीन पातळ्या आपोआप सरकवतं. त्यामुळे एकाच पुंजक्याच्या आतलं तापमान, घनता आणि विद्युतदाब वेगवेगळे वाचता येऊ लागले.

प्रकाशाची साक्ष

प्रोब कितीही चलाख केला तरी तो प्लाझ्माला स्पर्श करतो आणि स्पर्श करणारी वस्तू थोडीफार ढवळाढवळ करतेच. म्हणून स्पर्शाविना मोजणारा साक्षीदार हवा. तो किती मोलाचा असतो, हे १९६९ मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. त्याच्या आदल्या वर्षी नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्ट्सिमोविच यांनी मॉस्कोच्या टी-३ टोकामॅकमध्ये एक कोटी अंशांच्या आसपासचं तापमान गाठल्याचं सांगितलं होतं. हा निष्कर्ष प्लाझ्माच्या चुंबकीय परिणामावरून काढलेला होता आणि पश्चिमेकडच्या अनेकांना तो पटला नाही. आर्ट्सिमोविच यांनी वाद घालण्याऐवजी इंग्लंडच्या कल्हॅम प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनाच मॉस्कोत बोलावलं. ते शीतयुद्धाच्या दिवसांत आपलं लेझर आणि टनावारी सामान घेऊन गेले. त्यांचं मोजमाप १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि सोव्हिएत दावा खरा ठरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेनं आपलं मोठं यंत्र मोडून त्याचा टोकामॅक केला होता.

त्या पद्धतीचं नाव थॉमसन विकिरण. लेझरचा झोत प्लाझ्मातून जाताना इलेक्ट्रॉन त्यातला किंचितसा प्रकाश चहूकडे विखुरतात. इलेक्ट्रॉन पळत असल्यामुळे विखुरलेल्या प्रकाशाचा रंग बदलतो. १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमानाला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ६,००० किलोमीटर वेगानं धावतात. तापमान जितकं जास्त तितकी रंगांची पट्टी रुंद होते. पट्टीच्या रुंदीवरून तापमान मिळतं आणि एकूण उजेडावरून घनता. यात गृहीतकं फार थोडी आहेत आणि याच कारणानं या पद्धतीचा शब्द प्रमाण मानतात. मात्र प्रकाश अत्यंत तुटपुंजा असतो. एक ज्यूल ऊर्जेच्या अवरक्त लेझर-स्पंदात पाचावर अठरा शून्यं इतके फोटॉन असतात. काठावरच्या एका बिंदूकडून उपकरणापर्यंत येतात ते हजारांत मोजावेत इतके. शिवाय थंड प्लाझ्मात पट्टी इतकी अरुंद होते, की भिंतीवरून परतलेल्या लेझरच्या प्रकाशातून तिला वेगळी काढणं मुश्कील होतं. म्हणजे प्रोबच्या साक्षीचा भरवसा जिथं कमी होतो त्याच थंड भागात हा दुसरा साक्षीदारही अडखळतो.

तिथं तिसरा कामाला येतो. काठाशी हेलियमची बारीक धार सोडतात आणि तिच्या प्रकाशातल्या तीन लाल रेषा मोजतात: ६६७.८, ७०६.५ आणि ७२८.१ नॅनोमीटर. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांच्या फिरकी एकमेकींशी जुळत्या किंवा उलट असू शकतात, त्यानुसार त्याच्या ऊर्जापातळ्यांची दोन कुळं पडतात. तापमान वाढलं की एका कुळातलं उजळणं दुसऱ्याच्या मानानं मंदावतं. ७०६.५ ची रेषा एका कुळातली आणि ७२८.१ ची दुसऱ्यातली, म्हणून त्यांचं गुणोत्तर तापमान सांगतं. ६६७.८ आणि ७२८.१ यांचं गुणोत्तर मुख्यतः घनतेवर अवलंबून असतं. गुणोत्तर घेतल्यामुळे हेलियम नेमका किती सोडला हे माहीत असण्याची गरज उरत नाही. याची सगळी मदार अणूंच्या गणितावर आहे. धक्के देणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे कुठली पातळी किती भरते याचे शेकडो आकडे त्या गणितात लागतात.

कधी कधी साधं उपकरणही मोठी बातमी देतं. ड्युटेरियमच्या अणूंची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा पाहणारा शोधक जवळजवळ प्रत्येक टोकामॅकवर असतो. जर्मनीत गार्खिंग इथल्या अस्डेक्स यंत्रावर १९८२ मध्ये फ्रिट्झ वॅग्नर यांच्या प्रयोगांत तापवण्याची शक्ती वाढवताना ही रेषा अचानक मंदावली. काठावरून होणारी कणांची गळती एकाएकी कमी झाली होती. काठाशी काही सेंटिमीटरांत तापमान आणि घनता यांचा उभा चढ तयार झाला होता आणि प्लाझ्मा ऊर्जा सुमारे दुप्पट वेळ धरून ठेवू लागला होता. ही अवस्था ‘एच-मोड’ म्हणून ओळखली जाते. ईटरची सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे. मात्र एच-मोडमध्ये बाहेरचा थर आणखी आक्रसतो.

बांधाचा वाद

आतापर्यंत ‘किती’ हे मोजलं. ‘कुठे’ हा प्रश्न त्याहून बिकट आहे. प्रोब, लेझर आणि हेलियम यंत्राच्या वेगवेगळ्या ठिकाणी मोजतात. त्यांचे आकडे एकाच आलेखावर आणायचे तर प्रत्येकाचं सेपरेट्रिक्सपासूनचं अंतर कळलं पाहिजे. सेपरेट्रिक्स कुणाला दिसत नाही. भिंतीजवळ बसवलेल्या चुंबकीय वेटोळ्यांच्या नोंदींवरून तिची जागा गणितानं काढतात. त्यात काही मिलिमीटरची चूक सहज राहते. मिलिमीटरच्या थरासाठी ही चूक म्हणजे थराहून मोठी. शेतीत क्षेत्राबद्दल सहसा दुमत नसतं, भांडण होतं ते बांधावरून. इथंही तसंच. गाभ्याच्या तापमानावर एकमत लवकर होतं, पण सीमा हातभर इकडे की तिकडे यावर बैठका झडतात.

यातून काढलेली वाट मोठी बोलकी आहे. बाहेरच्या थरात किती शक्ती उतरते हे माहीत असतं आणि चुंबकीय रेषेवरून इलेक्ट्रॉन उष्णता कशी वाहून नेतात याचा नियमही माहीत असतो. ही वहनक्षमता तापमानाबरोबर इतकी झपाट्यानं वाढते, की शक्तीच्या आकड्यात बरीच चूक असली तरी सेपरेट्रिक्सवरच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. मध्यम आकाराच्या यंत्रांत ते १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येतं. मग संशोधक थॉमसनच्या आलेखात हे तापमान जिथं सापडतं तिथं सेपरेट्रिक्स आहे असं धरतात आणि अख्खा आलेख तेवढे मिलिमीटर सरकवतात. बाहेरच्याला ही हातचलाखी वाटेल. पण सरकवलेल्या आलेखाशी प्रोबचा आणि हेलियमचा आलेख जुळतो का, हे त्यानंतर तपासतात. जुळला तर सरकवणं योग्य होतं. नाही जुळला तर कुठल्या तरी साक्षीदाराचं गृहीतक चुकलं आहे आणि ते शोधायचं आहे.

एक मिलिमीटर

आता त्या मिलिमीटरच्या आकड्याकडे येऊ. त्याची साक्ष दिली अवरक्त कॅमेऱ्यांनी. ते प्लाझ्माकडे पाहतच नाहीत, पाहतात डायव्हर्टरच्या फरशीकडे. फरशी कुठे किती तापली आणि किती वेगानं तापली यावरून तिच्यावर दर क्षणाला किती उष्णता पडली हे उलटं गणित करून काढतात. मिळतो तो उष्णतेचा उंचवटा. एका बाजूला कडा तीव्र, दुसऱ्या बाजूला लांब उतार. तीव्र बाजूचा पसारा डायव्हर्टरजवळच्या विसरणानं येतो. लांब उतार हा वरच्या थराच्या रुंदीचा ठसा असतो. दोन्ही वेगळे काढायचे, रेषा खाली येताना जितक्या पसरल्या तितक्यानं भागायचं, की वरच्या थराची रुंदी हाती येते. या कॅमेऱ्यांनाही फसवणारं काही असतं. फरशीवर साठलेला सैल थर चटकन तापतो आणि उष्णता आहे त्याहून जास्त भासवतो. चकचकीत टंगस्टन स्वतः कमी उजळतो आणि आजूबाजूचा उजेड परावर्तित करतो.

थॉमस आइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा यंत्रांवरची अशी मोजमापं एकत्र केली: जेईटी, मास्ट, अस्डेक्स अपग्रेड, डीथ्री-डी, सी-मॉड आणि एनएसटीएक्स. जेईटी सी-मॉडच्या कित्येक पट मोठं आहे. यंत्र मोठं तर थरही रुंद, असं व्हायला हवं होतं. तसं काही दिसलं नाही. रुंदी ठरत होती ती प्लाझ्मातल्या प्रवाहानं निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरून. क्षेत्र जितकं प्रबळ तितका थर अरुंद. ईटरचं क्षेत्र या सूत्रात घातलं की उत्तर येतं सुमारे एक मिलिमीटर.

सहाही यंत्रं ईटरहून लहान होती, म्हणून शंकेला जागा होती. सी-मॉड लहान असलं तरी त्याचे चुंबक अतिशय जोरकस होते. २०१६ मध्ये बंद होण्याआधी त्यावर ईटरच्या तोडीच्या क्षेत्रात मोजमाप झालं आणि सूत्र तिथंही टिकलं. उलट बाजूनं, एका मोठ्या संगणकीय सादृश्यीकरणानं आजच्या यंत्रांची रुंदी बरोबर सांगितली आणि ईटरसाठी मात्र पाच-सहा मिलिमीटरचं उत्तर दिलं. एवढ्या मोठ्या यंत्रात काठावरची खळबळ थराला रुंद करेल असं त्याचं म्हणणं. निकाल ईटरच्या फरशांवरच लागेल.

रचनाकार निकालाची वाट पाहत बसलेले नाहीत. थर अरुंदच आहे असं धरून त्यांनी तोड काढली आहे. डायव्हर्टरजवळ निऑन किंवा नायट्रोजन थोड्या प्रमाणात सोडायचा. त्याचे अणू उष्णतेचं रूपांतर प्रकाशात करतात आणि तो प्रकाश भार सर्व दिशांना वाटून टाकतो. फरशीपाशी तापमान पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली गेलं की प्लाझ्मा फरशीपासून जणू सुटतो. वायू कमी पडला तर फरशी भाजते. जास्त झाला तर थंडपणा वर सरकून गाभ्याला गिळू लागतो. तेव्हा वायूचा नळ किती उघडायचा हे क्षणाक्षणाला मोजून ठरवावं लागतं. आणि मोजायचं आहे तेच पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टखालचं तापमान, जिथं प्रोब वाढवून सांगतो आणि थॉमसनची पट्टी अरुंद होते.

पुढच्या काळात अडचण वाढणार आहे. वीज तयार करणाऱ्या संमीलन-भट्टीत न्यूट्रॉनांचा मारा वर्षानुवर्षं चालेल. प्रकाशतंतू काळवंडतील, आरशांवर थर बसतील, प्रोब झिजतील. दुरुस्तीला माणूस आत जाऊ शकणार नाही. तिथं आजच्यासारखी डझनावारी उपकरणं बसवायला जागाही नसेल आणि ती टिकणारही नाहीत. उरतील ती थोडी, दणकट आणि ओबडधोबड. त्यातलं कुठलं उपकरण कोणत्या परिस्थितीत किती खोटं बोलतं, हे आजच ठाऊक करून घ्यावं लागेल. आजच्या यंत्रांच्या काठावर तोच एक मिलिमीटर चार-पाच वेगळ्या रीतींनी पुन्हा पुन्हा मोजण्याचा खटाटोप चालतो तो यासाठी.